सेकंद कुणाच्या घड्याळातले?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

धानाची कापणी आटोपली की आमच्या भागात दोन शर्यती सुरू होतात. एक बैलांची आणि दुसरी पोरांची. बैलांच्या शर्यतीला आम्ही शंकरपट म्हणतो. पोरांच्या शर्यतीला म्हणतो ‘भरतीची तयारी’. मूल, सिंदेवाही, नागभीड, वडसा, आरमोरी, चामोर्शी, कुठल्याही रस्त्यानं सकाळी निघा, धुक्यातून बनियन-हाफपँटमधली पोरं धावताना दिसतील. मागे ट्रॅकपँट आणि ओढणी कमरेला बांधलेल्या मुली. वाघाच्या भीतीनं आता पार अंधारात कुणी निघत नाही, जरा फटफटल्यावर निघतात, आणि तेव्हा ट्रकही सुरू झालेले असतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आरमोरी मार्गावर काटली गावाजवळ सकाळी व्यायामाला गेलेल्या मुलांना ट्रकनं चिरडलं. चार मुलं गेली. तरीही दुसऱ्या गावांत दुसऱ्या दिवशी पोरं धावत होतीच. मैदान नाही, म्हणून रस्ता. आणि धावायचं कशासाठी, तर पोलीस शिपाई किंवा वनरक्षक होण्यासाठी. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात दोन-तीन एकर धानाच्या घरात पगाराची नोकरी यायची असेल, तर ती बहुधा याच दोन दारांतून येते.

मी शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होतो. निवृत्तीनंतरही पोरं येतात, ‘सर, जरा बघा’ म्हणतात. मी पहिला प्रश्न एकच विचारतो, शंभर मीटरला किती लागतात?

‘अकरा चार जी.’

‘कोणी मोजले?’

‘मित्रानं, मोबाईलवर.’

आता हे अकरा पूर्णांक चार सेकंद म्हणजे काय, ते समजून घेऊ. २०२५ च्या जुलैमध्ये ग्रीसमध्ये अनिमेष कुजूर हा आपल्या शेजारच्या छत्तीसगडचा धावपटू १०.१८ सेकंदांत शंभर मीटर धावला, तेव्हा तो राष्ट्रीय विक्रम ठरला. त्याच्यामागे कित्येक वर्षांचं शास्त्रशुद्ध प्रशिक्षण, कृत्रिम ट्रॅक, खिळ्यांचे बूट, आहारतज्ज्ञ. आणि आमचा पोरगा मुरमाच्या रस्त्यावर, कॅनव्हासचे बूट घालून, सकाळी शिळा भात खाऊन त्याच्या मागे फक्त सव्वा सेकंदावर? असा एखादा असूही शकतो. पण एका वर्षी माझ्याकडे असे नऊ जण आले होते, एकाच तालुक्यातले!

पोरगा खोटं बोलत नसतो, हे आधीच सांगतो. मोबाईलवर ११.४० खरोखरच उमटलेले असतात. घोळ दुसरीकडे आहे.

मोजणारा मित्र शेवटच्या रेषेवर उभा असतो. सुरुवातीच्या रेषेवर कुणीतरी शिट्टी मारतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे शंभर मीटरवरच्या मित्राच्या कानात शिट्टी पोचायलाच जवळजवळ तीन दशांश सेकंद लागतात. तोवर पोरगा निघालेला असतो. कानात पोचल्यावर ‘आता दाबायचं’ हे मेंदूनं बोटाला सांगायला आणखी दोन दशांश सेकंद जातात. झाला की नाही अर्धा सेकंद? शेवटी मात्र असा उशीर होत नाही. कारण पळणारा डोळ्यांसमोरून येत असतो, तो रेषेवर कधी पोचेल याचा अंदाज बोटाला आधीच असतो, आणि मित्र असेल तर ते बोट जरा मायेनंही पडतं. म्हणजे घड्याळ उशिरा सुरू होतं आणि वेळेवर, किंवा थोडं आधीच, बंद होतं. बारा सेकंदांचे साडेअकरा होतात, आणि पडद्यावर शतांश सेकंदापर्यंतचे आकडे झळकतात म्हणून ते अगदी शास्त्रीय वाटतात.

जुने पंच हे ओळखून होते. म्हणूनच हातानं वेळ घेणाऱ्यानं पिस्तुलाचा आवाज ऐकून नव्हे, तर धूर किंवा ठिणगी बघून घड्याळ सुरू करायचं, असा नियम आहे. हातानं घेतलेली वेळ वरच्या दशांशाला न्यायची, म्हणजे ११.३२ आले तर ११.४ लिहायचे, असाही नियम आहे. इतकं करूनही हाताची वेळ स्वयंचलित यंत्राच्या वेळेपेक्षा कमीच येते. दोन्हींची तुलना करायची झाली तर शंभर मीटरला हाताच्या वेळेत ०.२४ सेकंद मिळवायचे, असा जगभरचा रिवाज आहे. १९७७ पासून तर कमी अंतराच्या शर्यतींत हाताच्या वेळेवर विश्वविक्रम मानणंच बंद झालं.

हे झालं घड्याळाचं. अंतराचं तर विचारूच नका. शंभर मीटर म्हणजे विजेचे दोन गाळे, असा कित्येक गावांतला हिशेब आहे. कुठे शंभर पावलं. कुठे ‘त्या मोहाच्या झाडापासून पुलापर्यंत’. एकदा मी टेप लावून पाहिलं, तर एका गावचे शंभर मीटर सत्त्याण्णव निघाले. तीन मीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं; पण शेवटच्या टप्प्यात पोरगा सेकंदाला साडेआठ-नऊ मीटर पळत असतो, तेव्हा तीन मीटर म्हणजे पुन्हा तीन दशांश सेकंद. त्यात रस्ता उताराचा असला किंवा वारा पाठीवर असला तर बघायलाच नको. मोठ्या स्पर्धेत पाठीवरचा वारा सेकंदाला दोन मीटरच्या वर गेला तर विक्रम धरत नाहीत. दोन मीटर म्हणजे ताशी सव्वासात किलोमीटर, आपल्याकडे धान उपणायलाही तो पुरेसा होणार नाही!

आमच्या पटाच्या शौकिनांना हे सगळं पोरांपेक्षा चांगलं कळतं, हे मला नेहमी गमतीचं वाटतं. झाडीपट्टीत दिवसा पट आणि रात्री नाटक, असा हिवाळ्याचा रिवाजच आहे. २०१४ ते २०२१ या काळात न्यायालयाच्या बंदीमुळे पट थांबले होते, आता पुन्हा भरतात. काही ठिकाणी दोन जोड्या शेजारी शेजारी सोडतात, काही ठिकाणी एकेक जोडी घड्याळावर. एखाद्यानं सांगितलं की माझ्या जोडीनं अमुक सेकंद काढले, तर समोरचा म्हातारा ताबडतोब विचारतो, कोणत्या पटावर? दाणी केवढी होती? घड्याळ कोणाचं होतं? जोडी विकत घेताना लाखांचा व्यवहार असतो, त्यामुळे ऐकीव सेकंदावर कुणी पैसे मोजत नाही. तोच म्हातारा घरी आल्यावर नातवाचे अकरा चार मात्र मुकाट्यानं मान्य करतो.

असं फक्त आपल्याकडे होतं असं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मध्य प्रदेशातल्या रामेश्वर गुर्जर या तरुणाची चित्रफीत देशभर फिरली. अनवाणी पायांनी रस्त्यावर ११ सेकंदांत शंभर मीटर! तेव्हाच्या क्रीडामंत्र्यांनी त्याला भोपाळला चाचणीसाठी बोलावलं. तिथे खऱ्या ट्रॅकवर त्याला १३ सेकंदांच्या आसपास लागले आणि तो मागे राहिला. लोक हसले. मला वाईट वाटलं. कारण अनवाणी पळणाऱ्या, कधी ट्रॅक न पाहिलेल्या, शिवाय दडपणाखाली असलेल्या मुलाची ती वेळ मुळीच वाईट नाही. त्याला हास्यास्पद ठरवलं ते चुकीच्या मोजमापानं. पुढच्याच वर्षी, २०२० च्या फेब्रुवारीत, कर्नाटकातल्या कंबळा शर्यतीत श्रीनिवास गौडा म्हशींच्या जोडीबरोबर १४२.५ मीटर १३.६२ सेकंदांत धावला. कुणीतरी त्रैराशिक मांडलं आणि शंभर मीटरला ९.५५ सेकंद काढून त्याला उसेन बोल्टच्या पुढे नेऊन बसवलं. म्हशी त्याला ओढत होत्या, एवढी साधी गोष्ट त्रैराशिकात मावली नाही. तो स्वतः मात्र शहाणा. आपला खेळ वेगळा आहे हे ओळखून तो चाचणीच्या फंदात पडला नाही.

आणि अमेरिकेत तर या गोष्टीचा केवढा मोठा बाजार आहे! तिथलं फुटबॉल म्हणजे आपलं फुटबॉल नव्हे, तो लांबट चेंडू हातात घेऊन पळण्याचा खेळ. कॉलेजात खेळणाऱ्या पोरांमधून व्यावसायिक संघ दरवर्षी आपापले खेळाडू निवडून घेतात. त्याआधी इंडियानापोलिस शहरात सगळ्यांची शारीरिक चाचणी होते, जणू त्यांची पोलीस भरतीच. तिथे ४० यार्ड, म्हणजे साडेछत्तीस मीटर, पळायचं. एका दशांश सेकंदावर कोट्यवधींचे करार वरखाली होतात. त्यामुळे प्रत्येक कॉलेजकडून, प्रत्येक गावातून दावे येतात, आमचा पोरगा चार पूर्णांक एकमध्ये पळतो, चार पूर्णांक दोनमध्ये पळतो. १९८६ मधले बो जॅक्सनचे ४.१२ सेकंद आजही तिथे आख्यायिकेसारखे सांगतात. ते हातानं मोजलेले होते. चाचणीतला नोंदलेला विक्रम २०२४ मध्ये झेवियर वर्दीनं केला, ४.२१ सेकंद.

आता थोडा हिशेब करू. २००९ मध्ये बर्लिनला बोल्टनं ९.५८ चा विश्वविक्रम केला, तेव्हा ४० मीटरची खूण त्यानं ४.६४ सेकंदांत ओलांडली होती. त्याचे टप्पे पाहता ४० यार्डांवर तो साधारण ४.३५ ला असणार. म्हणजे हे कॉलेजकुमार बोल्टपेक्षा वेगवान झाले का? नाही. बोल्टची वेळ पिस्तूल वाजल्यापासून मोजली गेली, आणि वाजल्यानंतर हालायला त्याला ०.१४६ सेकंद लागले ते त्याच्याच खात्यात धरले. अमेरिकेतल्या चाचणीत पिस्तूलच नाही. खेळाडू त्याच्या मर्जीनं निघतो, तो हलल्याचं पाहून माणूस हातानं घड्याळ सुरू करतो. शेवट तेवढा किरणांच्या यंत्रानं टिपतात. म्हणजे खेळाडूची प्रतिक्रिया हिशेबात नाहीच, उलट घड्याळवाल्याचा उशीरही खेळाडूच्या पदरात पडतो. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत, पण ते एका तराजूत घालता येत नाहीत. तिथले जाणकार निवड करणारे हे ओळखतात, म्हणून कॉलेजनं पाठवलेल्या आकड्यांवर न थांबता सगळ्यांना एका जागी, एका यंत्रावर पळवून बघतात.

आमच्या पोरांची चाचणीही एका जागी, एका यंत्रावर होते. फरक इतकाच की त्यांना ती आयुष्यात पहिल्यांदा तिथेच होते.

पोलीस भरतीत आता मैदानी चाचणीला ५० गुण आहेत. मुलांना १६०० मीटरला २०, शंभर मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. शंभर मीटर ११.५० सेकंदांत किंवा कमी वेळात काढले तर मुलाला पूर्ण १५ गुण. ११.५० च्या वर आणि १२.५० पर्यंत १२ गुण. १२.५० च्या वर गेला की १०. या पायऱ्या लक्षात घ्या. १२.४९ आणि १२.५१ मध्ये डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही, पण दोन गुण जातात. आणि लेखी परीक्षेला जागेच्या दहापट मुलंच बोलावतात, तिथे दोन गुणांत शेकडो मुलं बसलेली असतात.

माझीच एक गोष्ट सांगतो. २०२३ च्या जानेवारीत मैदानी चाचण्या झाल्या, त्याच्या आधीचे सहा महिने एक मुलगा माझ्याकडे होता. वडील मजुरीला जात, आई तेंदूच्या हंगामात पानं तोडायची आणि एरवी लोकांच्या बांधीत. शंभर मीटरला मी त्याचे १२.३ काढत असे, पुन्हा पुन्हा, जुन्या स्टॉपवॉचवर. मी म्हटलं, बाबा, तुझे १२ गुण पक्के. साडेअकरा काही तुझ्याच्यानं व्हायचे नाहीत, तेव्हा शंभर मीटर सोड आणि गोळ्यावर जोर दे. त्यानं ऐकलं. शेवटचे दोन महिने तो ७.२६ किलोचा गोळाच फेकत होता. मैदानावर यंत्रानं त्याचे १२.६ दाखवले. दहा गुण. लेखीच्या यादीत त्याचं नाव एका गुणानं राहिलं.

तो घरी आला आणि मला म्हणाला, ‘सर, घड्याळ त्यांचं चुकलं का जी?’

मी त्या रात्री बसून सगळं मांडलं. मी उभा राहायचो शेवटच्या रेषेवर. माझा नातू सुरुवातीला टाळी वाजवायचा. चाळीस वर्षं मी मुलांना विज्ञानाच्या तासाला सोडायला वर्गात जात होतो, आणि आवाजाला वेळ लागतो हे मैदानावर माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्या पोराला १२.६ वरून १२.४ वर यायला हवं होतं. ते नुसतं बसून निघण्याचा सराव केला असता, पहिल्या दहा मीटरवर काम केलं असतं, तरी दोन महिन्यांत जमण्यासारखं होतं. मी त्याला ‘सोड’ म्हटलं. घड्याळ त्यांचं बरोबर होतं, माझं चुकलं, हे मी त्याला सकाळी त्याच्या घरी जाऊन सांगितलं. तो काही बोलला नाही. त्याची आई चहा टाकायला उठली.

त्यानंतर मी लांब पल्ल्याच्या शर्यतीकडेही नीट पाहायला लागलो. तिथे चूक उलटी होते, म्हणजे पोरगं स्वतःला आहे त्यापेक्षा हळू समजतं. १६०० मीटरला पूर्ण २० गुण हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत यावं लागतं. आमच्याकडे चारशे मीटरचा ट्रॅक कुठला? दोनशे मीटरचं वर्तुळ फक्कीनं आखतात आणि आठ फेऱ्या मारतात. फक्की आखताना टेप रेषेवरून लावतात, पण पळणारा रेषेवरून पळत नाही, तो तिच्या बाहेरून वीतभराहून जास्त अंतर ठेवून पळतो. तीस सेंटीमीटर बाहेरून पळाला तर एका फेरीत जवळजवळ दोन मीटर जास्त, आठ फेऱ्यांत पंधरा. म्हणजे तीन सेकंद. आणि घोळक्यातून बाहेरच्या बाजूनं, एक पट्टी सोडून, सगळ्या फेऱ्या मारल्या तर साठ मीटर जास्त होतात, बारा सेकंद गेले. गुण मात्र वीस-वीस सेकंदांच्या पायरीनं कमी होतात. पोरीपोरांनी वळणावर आत शिरायचं आणि सरळ भागात पुढे काढायचं, एवढं शिकवलं तरी एखादी पायरी हाती लागते. दम वाढवायला वर्ष लागतं, हे शिकायला आठवडा पुरतो.

वनरक्षकाचं गणित अजून वेगळं. २०२३ च्या भरतीत मुलांना ५ किलोमीटर आणि मुलींना ३ किलोमीटर धावायचं होतं, आणि धावण्याला ८० गुण. पूर्ण गुणांसाठी मुलाला १७ मिनिटं, मुलीला १२ मिनिटं. तिथे एका दशांशाला काही किंमत नाही, पण अंतराची मात्र आहे. मोबाईलमधल्या ॲपवर विसंबून पाच किलोमीटर मोजणाऱ्या पोरांना मी सांगतो, दाट झाडीखाली आणि वळणावळणाच्या वाटेवर ते ॲप शे-दीडशे मीटर सहज खातं किंवा वाढवतं. किलोमीटरचे दगड परवडले.

अलीकडे भरतीत चिप लावतात, त्याबद्दल पोरांच्या मनात फार संशय असतो. पायाला किंवा छातीच्या क्रमांकाला एक छोटी चकती असते. तिच्यात बॅटरी वगैरे नसते. रेषेवरच्या पट्टीतून रेडिओलहरी निघतात, चकती त्यावर पोसून आपला क्रमांक परत सांगते, आणि यंत्र त्या क्षणाची नोंद करतं. शे-दोनशे मुलं एकदम सुटतात तेव्हा कोण कितवा आला, कुणाच्या किती फेऱ्या झाल्या, हे माणसाच्या डोळ्यांना जमत नाही, ते या चकतीला जमतं. लांबच्या शर्यतीला ती उत्तम. शंभर मीटरच्या शतांशासाठी मात्र शेवटच्या रेषेवर कॅमेरा असलेलाच बरा, कारण नियमानं धड रेषेवर पोचलेलं मोजायचं असतं, पाय नव्हे. तरी माणसाच्या अंगठ्यापेक्षा ती कधीही सरस.

बल्लारपूरजवळ विसापूरला आता चारशे मीटरचा कृत्रिम ट्रॅक आहे. २०२३ च्या डिसेंबरात राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा तिथेच झाल्या. मी वर्षातून एकदा तरी पोरांना गाडी करून तिथे नेतो. विक्रम करायला नव्हे. फक्त खरे शंभर मीटर डोळ्यांनी बघून या म्हणतो. बहुतेकांचा पहिला उद्गार एकच असतो, ‘एवढं लांब?’ आणि मग एक गोष्ट बजावतो, इथली वेळही भरतीच्या मैदानावर चालायची नाही. इथे पाय उसळतो, तिथे माती पाय धरते.

गावात आमची पद्धत आता ठरून गेली आहे. अंतर पोलादी टेपनं, दोनदा. निघण्याच्या रेषेवरचा माणूस शिट्टी मारतानाच हातातलं लाल फडकं झटकन खाली करतो. घड्याळवाले शिट्टीकडे लक्ष देत नाहीत, फडक्याकडे बघतात. घड्याळं तीन, आणि वडिलांना किंवा जिवलग मित्राला घड्याळ द्यायचं नाही. तिन्हींतली मधली वेळ धरायची. ती वरच्या दशांशाला न्यायची आणि तिच्यात पाव सेकंद मिळवायचा. मग जो आकडा येतो तो वहीत जातो, तारीख आणि वाऱ्याची दिशा यांच्यासकट. मोबाईलवर चित्रीकरण करून, फडकं पडल्याची चौकट आणि छाती रेषेवर आल्याची चौकट मोजूनही वेळ काढता येते; पोरांना ते माझ्यापेक्षा चांगलं जमतं. गडचिरोलीत पोलीस दलानं दादालोरा खिडकीतून भरतीपूर्व प्रशिक्षणं घेतली आहेत. तिथे जाऊन आलेली पोरंही गावात परतल्यावर घड्याळाबाबत जरा काटेकोर झालेली दिसतात.

बाहेरच्या काही वर्गांचे फलक लागतात, महिन्याभरात अकरा सेकंद काढून देऊ. फी भरण्याआधी पालकांनी एवढंच विचारावं, तुमचं अंतर कशानं मोजलं आणि घड्याळवाला कुठे उभा असतो? दादा, काका, रागावू नका, पण जोडी घेताना तुम्ही हेच विचारता.

एका गुणानं राहिलेला तो मुलगा आता आमच्याकडे लाल फडकं धरतो. स्वतःही धावतो, वय अजून उरलं आहे. परवा एक नवीन पोरगा आला, त्याच्या गावात अकरा आठ लागत होते म्हणे. धावला. तिन्ही घड्याळं पाहिली, मधली घेतली, पाव सेकंद मिळवला. पोराचं तोंड उतरलं. माझा हात वहीवर जरा थांबला, तेवढ्यात शंभर मीटरवरून हाक आली, ‘सर, किती?’

मी ओरडून सांगितलं, ‘बारा सात!’

‘मग तेच लिहा जी,’ तो तिकडून म्हणाला, आणि पुढच्या मुलाला रेषेवर घेतलं.